लस देऊनही मरतूक का होते? कोंबडीच्या पांढऱ्या पेशींचे वाचन

शेतीला जोडधंदा म्हणून कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. राणीखेतची, म्हणजे मानमोडीची लस वेळेवर दिली, बर्फाच्या डब्यातून आणली, थेंब नीट डोळ्यात टाकला. तरीही पाचव्या-सहाव्या आठवड्यात मरतूक सुरू झाली. मग दोष लसीला दिला जातो, लस विकणाऱ्याला दिला जातो, कधी पिल्ले पुरविणाऱ्या हॅचरीला दिला जातो. काही वेळा तो खराही असतो. परंतु पुष्कळदा लस चांगली असते आणि देणाराही चुकलेला नसतो. ज्या पेशींनी लसीला प्रतिसाद द्यायचा, त्या पेशीच पिल्लाच्या शरीरात पुरेशा शिल्लक नसतात. हे वरून पाहून कळत नाही. त्यासाठी रक्ताची किंवा अवयवाची रंगविलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते.

हे काम अर्थातच पशुवैद्यकाचे आणि प्रयोगशाळेचे आहे. पण माती परीक्षणाचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याला सांगायला नको, की नमुना चुकीचा घेतला तर अहवाल कितीही नीट छापलेला असला तरी त्याचा उपयोग शून्य. बांधाजवळची किंवा शेणखताच्या ढिगाखालची माती पाठवून खताची मात्रा ठरविण्यासारखेच ते होते. कोंबडीच्या रक्ताचे तर याहून अवघड आहे, कारण मातीचा नमुना पिशवीत महिनाभर टिकतो. रक्ताची काचपट्टी चुकीच्या हाताळणीने एका दुपारीत वाया जाते. शिवाय अहवालात येणारे हेटेरोफिल, लिम्फोसाइट, बर्सा हे शब्द काय सांगतात हे माहीत असले, तर पशुवैद्यकाला नेमका प्रश्न विचारता येतो. मी कृषिविद्या विषयाचा माणूस असलो तरी या लेखाचा खटाटोप त्यासाठी.

माणसाच्या यंत्रावर कोंबडीचे रक्त चालत नाही

तालुक्याच्या गावी आता रक्त तपासणीची दुकाने पुष्कळ झाली आहेत. तिथे यंत्रात रक्त घातले की दोन मिनिटांत पेशींचे आकडे छापून येतात. कोंबडीचे रक्त तिथे नेऊन उपयोग नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे.

माणसाच्या, गाईच्या किंवा शेळीच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. पक्ष्यांची तांबडी पेशी मात्र लांबट अंडाकृती असते आणि तिच्या मध्यभागी तसेच लांबट केंद्रक असते. रक्त गोठविणाऱ्या पेशींचेही तेच. माणसात त्या केंद्रक नसलेल्या लहान चकत्या असतात, तर पक्ष्यांत त्या केंद्रक असलेल्या पूर्ण पेशी असतात. त्यांना थ्रॉम्बोसाइट म्हणतात. माणसासाठी बनविलेले यंत्र पांढऱ्या पेशी मोजण्यापूर्वी तांबड्या पेशी विरघळवून टाकते आणि जे उरेल ते पांढऱ्या पेशी म्हणून मोजते. कोंबडीच्या तांबड्या पेशी विरघळल्या तरी त्यांची केंद्रके उरतातच. एका घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी २५ ते ३५ लाख आणि पांढऱ्या साधारण १२ ते ३० हजार. म्हणजे शंभराला एक असे प्रमाण. या गर्दीतून यंत्राने दिलेला आकडा निव्वळ भ्रामक असतो.

म्हणून कोंबडीच्या पेशी आजही प्रामुख्याने डोळ्यांनी मोजल्या जातात. १९५२ मध्ये नॅट आणि हेरिक यांनी मिथिल व्हायोलेट हा जांभळा रंग घातलेले द्रावण तयार केले. त्यात रक्त पातळ करून आखीव काचेवर पांढऱ्या पेशी मोजता येतात. ती एकूण संख्या झाली. कोणत्या पेशी किती, हे पाहायला मात्र रंगविलेली काचपट्टीच लागते.

रंग कशाला चिकटतो?

न रंगविलेल्या काचपट्टीवर पांढरी पेशी जवळजवळ दिसतच नाही. रंग लागला की तिचे भाग वेगवेगळे उठून दिसतात. हे कसे घडते ते शेतकऱ्याला मातीच्या उदाहरणावरून चटकन कळेल. चिकणमातीच्या कणावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून तो अमोनियम, पोटॅश आणि कॅल्शियम धरून ठेवतो. नायट्रेट मात्र पाण्याबरोबर निचरून जाते. पेशीतही असेच आहे. केंद्रकातील द्रव्य आम्लधर्मी आणि ऋणभारित असते. ते धनभारित निळा रंग, म्हणजे मिथिलिन ब्लू आणि त्याच्या कुळातील अझूर हे रंग धरून ठेवते. पेशीद्रवातील काही कण याउलट अल्कधर्मी प्रथिनांचे असतात. ते इओसिन हा लाल रंग धरतात. एकाच मिश्रणातून पेशी आपापला रंग निवडून घेते.

कणांच्या या आवडीवरून पांढऱ्या पेशींचे गट पाडण्याचे काम जर्मनीतील पॉल एहर्लिक यांनी १८७९ च्या सुमारास केले. पुढे १८९१ मध्ये रशियातील रोमानोव्स्की यांनी जुने झालेले मिथिलिन ब्लू आणि इओसिन एकत्र वापरले, तेव्हा निळा आणि लाल यांखेरीज केंद्रकाला एक तिसरा, सुंदर जांभळा रंग येतो असे दिसले. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा लीशमनचा रंग त्याच घराण्यातला. विल्यम लीशमन हे ब्रिटिश लष्करी डॉक्टर. १८९० च्या दशकात त्यांनी हिंदुस्थानात नोकरी केली होती. १९०१ मध्ये त्यांनी ही रंगाची पूड मिथेनॉलमध्ये विरघळवून वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यामुळे पेशी काचेवर पक्क्या करणे आणि रंगविणे ही दोन्ही कामे एकाच बाटलीने होऊ लागली.

मातीतील सामूचे जसे महत्त्व, तसेच येथेही आहे. रंगात मिसळायच्या पाण्याचा सामू ६.८ च्या आसपास असावा लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड व अल्कधर्मी असते. ते वापरले की सारी काचपट्टी निळी पडते आणि लाल कण दिसेनासे होतात. पाणी आम्लधर्मी असेल तर उलट सगळेच लालसर होते आणि केंद्रके फिकी राहतात. म्हणून प्रयोगशाळेत सामू स्थिर ठेवणारे बफरचे पाणी वापरतात. काचपट्टीवर लीशमनचा रंग ओतून दोन मिनिटे ठेवतात, त्यावर दुप्पट बफरचे पाणी घालून सात ते दहा मिनिटे थांबतात आणि मग हलक्या धारेने धुतात.

पेशींची ओळख

सर्वांत आधी हेटेरोफिल. माणसाच्या रक्तात जंतूंवर प्रथम तुटून पडणाऱ्या पेशीला न्यूट्रोफिल म्हणतात. पक्ष्यांत ते काम हेटेरोफिल करते. केंद्रकाचे दोन-तीन खंड असतात आणि पेशीद्रव रंगहीन असून त्यात विटकरी लाल रंगाच्या, चातीसारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या काड्या खच्चून भरलेल्या दिसतात. एकदा पाहिलेली ही पेशी सहसा विसरत नाही. मात्र मिथेनॉलमध्ये पाणी शिरलेले असेल तर या काड्या अर्धवट विरघळतात, गोल दिसू लागतात, आणि नवशिका माणूस तिला इओसिनोफिल समजतो. पावसाळ्यात बाटलीचे बूच उघडे राहिले की हवेतील ओलावा मिथेनॉलमध्ये शिरतो, हे लक्षात ठेवावे.

हेटेरोफिलची एक गोष्ट कोंबड्या पाळणाऱ्याने सूक्ष्मदर्शकाशिवायही पाहिलेली असते. कोंबडीच्या पायाच्या तळव्याला गाठ झाली किंवा सर्दीच्या रोगात डोळ्याखाली सूज आली, तर आत पातळ पू निघत नाही. पनीरसारखा घट्ट, पिवळट गोळा निघतो. माणसाच्या न्यूट्रोफिलमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर असते, ते हेटेरोफिलमध्ये नसते. त्यामुळे मेलेल्या पेशींचा गोळा वितळत नाही, तसाच घट्ट होतो. कोंबडीची गाठ नुसती दाबून बरी होत नाही आणि औषधही आत नीट पोहोचत नाही, त्याचे कारण हेच. पशुवैद्यकाकडून तो गोळा काढून घ्यावा लागतो.

जंतूंचा जोरदार संसर्ग झाला की हेटेरोफिलचे रूप पालटते. पेशीद्रव निळसर होते, काड्या कमी होतात, आत पोकळ ठिपके दिसतात. अहवालात ‘विषारी बदल’ असा शब्द आला तर त्याचा अर्थ कोंबडीला विषबाधा झाली असा घेऊ नये. घाईघाईने आणि रोगाच्या माऱ्याखाली तयार झालेल्या पेशी, असा त्याचा अर्थ आहे. असे बदल बऱ्याच पक्ष्यांत दिसले तर परिस्थिती गंभीर समजावी.

लिम्फोसाइट ही दुसरी महत्त्वाची पेशी. निरोगी कोंबडीच्या रक्तात पांढऱ्या पेशींपैकी निम्म्याहून अधिक याच असतात. पेशी गोल, केंद्रक गोल आणि गडद जांभळे; त्याने जवळजवळ सगळी पेशी व्यापलेली असते आणि कडेला निळ्या पेशीद्रवाची बारीक किनार राहते. यांच्यात दोन जाती आहेत. टी पेशी मानेच्या दोन्ही बाजूंना माळेसारख्या असणाऱ्या थायमस ग्रंथीत तयार होतात, तर बी पेशी बर्सामध्ये. रोगाविरुद्धची प्रतिद्रव्ये बी पेशींपासून बनतात. लीशमनच्या रंगाने मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. त्या ओळखायला विशिष्ट प्रतिद्रव्ये वापरून केलेले वेगळे रंगकाम लागते. रक्ताच्या साध्या अहवालावरून ‘बी पेशी कमी आहेत’ असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

लिम्फोसाइटशी सर्वांत जास्त घोटाळा होतो तो थ्रॉम्बोसाइटचा. दोन्ही लहान, दोन्हींचे केंद्रक गडद. थ्रॉम्बोसाइट जराशी लांबट असते, तिचे पेशीद्रव निळे नसून स्वच्छ, जवळजवळ रंगहीन असते, आणि टोकाशी बहुधा एक-दोन लाल ठिपके दिसतात. त्या पांढऱ्या पेशींत धरायच्या नसतात. धरल्या तर काय होते ते पुढे हिशेबाने दाखवितो.

मोनोसाइट आकाराने सर्वांत मोठी, राखाडी-निळ्या पेशीद्रवाची. ती रक्तातून ऊतींत गेली की जंतू आणि मेलेल्या पेशी गिळून टाकणारी पेशी बनते. इओसिनोफिल कोंबडीत थोड्याच असतात. त्यांचे कण गोल आणि पेशीद्रव फिकट निळे. बेसोफिलमध्ये गडद जांभळे गोल कण असतात. हे कण पाण्यात विरघळतात, त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या झटपट रंगांनी ते धुऊन जातात आणि पेशी पोकळ दिसते. घाईच्या कामाला ते रंग ठीक. पण बेसोफिल मोजायच्या असतील तर लीशमन किंवा राइटचा मिथेनॉलमधला रंगच बरा.

दोन पेशींचे गुणोत्तर

रंगविलेल्या काचपट्टीवर तेलाचा थेंब ठेवून शंभर पट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली ओळीने १०० किंवा २०० पांढऱ्या पेशी मोजतात. त्यातील हेटेरोफिलच्या संख्येला लिम्फोसाइटच्या संख्येने भागले की जो आकडा येतो, तो कळपावरील ताणाचा निर्देशक समजला जातो. अमेरिकेतील ग्रॉस आणि सीगल यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. पुढे त्यांनी दिलेल्या ढोबळ मर्यादेप्रमाणे ०.२ म्हणजे कमी ताण, ०.५ मध्यम आणि ०.८ म्हणजे जास्त ताण. उन्हाळ्यातील उष्मा, दाटी, उपासमार, लांबचा प्रवास यांमुळे शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, त्याने रक्तातील हेटेरोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात.

या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. कोंबडी पकडताना होणाऱ्या धावपळीने कॉर्टिकोस्टेरॉन काही मिनिटांतच वाढते, त्यामुळे ते मोजून उपयोग होत नाही; पकडण्याचाच ताण मोजला जातो. पेशींचे प्रमाण बदलायला मात्र काही तास लागतात. म्हणजे आज सकाळी घेतलेला थेंब कालपासून शेडमध्ये काय चालले आहे ते सांगतो.

आता घोटाळ्याचा हिशेब. समजा, एका काचपट्टीवर खरे हेटेरोफिल ४० आणि लिम्फोसाइट ५० आहेत. गुणोत्तर ०.८, म्हणजे ताण जास्त. मोजणाऱ्याने त्याच भागातल्या ३० थ्रॉम्बोसाइट लिम्फोसाइट म्हणून धरल्या तर ४० भागिले ८०, म्हणजे ०.५. कळप ठीक आहे असा अहवाल येईल आणि शेडमधला पंखा दुरुस्त करायचा राहून जाईल.

मात्र एका कोंबडीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. निदान दहा पक्ष्यांचे नमुने शेडच्या वेगवेगळ्या भागांतून घ्यावेत, आणि शक्य तर आपल्याच मागील कळपाच्या त्याच वयाच्या आकड्यांशी तुलना करावी. जात, वय, अंडी घालण्याची अवस्था यांनुसार फरक पडतो. जिवाणूंच्या संसर्गातही गुणोत्तर वाढते, त्यामुळे केवळ त्यावरून रोगाचे नाव ठरत नाही. अतिशय तीव्र ताणात तर हेटेरोफिल वाढण्याऐवजी घटलेले आणि बेसोफिल वाढलेले आढळतात. आकडा कमी आला म्हणून निश्चिंत राहू नये, त्याबरोबर पक्षीही पाहावेत.

बर्सा : लसीचा खरा ग्राहक

आता मूळ तक्रारीकडे येऊ. कोंबडीच्या पिल्लात विष्ठाद्वाराच्या वरच्या बाजूला, आतड्याच्या टोकाशी बोराएवढी एक पिशवी असते. इटलीतील पादुआ येथील शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी तिचे वर्णन केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्ये छापले गेले. त्यांच्या नावावरून तिला फॅब्रिशियसचा बर्सा म्हणतात. ही पिशवी कशासाठी आहे हे पुढे तीनशेहून अधिक वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कळले तेही आडवाटेने. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी पिल्लांचा बर्सा काढून त्याचा वाढीवर काय परिणाम होतो हे पाहत होता. त्याचा सहकारी टिमोथी चँग याला वर्गात प्रतिद्रव्ये कशी तयार होतात ते दाखविण्यासाठी काही कोंबड्या हव्या होत्या. त्याने ग्लिककडच्या मोठ्या झालेल्या कोंबड्या घेतल्या, त्यांना साल्मोनेला जंतूंचे इंजेक्शन दिले, आणि पाहतो तर काही कोंबड्यांत प्रतिद्रव्ये तयारच झाली नाहीत. त्या बर्सा काढलेल्या कोंबड्या निघाल्या. हा शोध एका नामांकित विज्ञान नियतकालिकाने नाकारला आणि अखेर तो १९५६ मध्ये पोल्ट्री सायन्स या कुक्कुटशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. आज माणसाच्या डॉक्टरांच्या तोंडीही ‘बी सेल’ हा शब्द असतो. त्यातला ‘बी’ कोंबडीच्या बर्सावरून आलेला आहे.

बर्साचा पातळ छेद घेऊन हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या जोडीने रंगविला, तर निरोगी पिल्लात फार नेटके चित्र दिसते. आतल्या बाजूला डझनभर उभ्या घड्या, प्रत्येक घडीत शेकडो कोष एकमेकांना खेटून बसलेले. प्रत्येक कोषाची कड गडद निळी, कारण तिथे लिम्फोसाइट दाटीने असतात; मधला भाग जरा फिकट. कणीस सोलल्यावर दाणे जसे एकमेकांना चिकटून भरलेले दिसतात, काहीसे तसे.

गंबोरो रोगाचा विषाणू नेमका इथे घुसतो. अमेरिकेतील डेलावेर राज्यातल्या गंबोरो गावाजवळ हा रोग प्रथम ओळखला गेला आणि १९६२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. भारतात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या अतितीव्र प्रकाराने कुक्कुटपालकांचे मोठे नुकसान केले. विषाणू बी पेशींतच वाढतो आणि त्या मारतो. छेदात कोषांच्या मधल्या निळ्या पेशी नाहीशा होतात, हेटेरोफिल गोळा होतात, सूज येते. पुढे कोष पोकळ पडतात आणि त्यांच्या मध्ये गुलाबी तंतू वाढतात. दाणे न भरलेले कणीस म्हणावे असे. नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर संसर्गानंतर चौथ्या दिवशी बर्सा सुजून जवळजवळ दुप्पट होतो, पाचव्या दिवशी पुन्हा नेहमीएवढा दिसतो आणि आठव्या दिवशी एक तृतीयांश उरतो. शवविच्छेदन पाचव्या दिवशी झाले तर आकार पाहून फसगत होते. अशा वेळी रंगविलेला छेदच खरे काय ते सांगतो.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत हा रोग मरतुकीसह दिसतो. परंतु मला जास्त धोकादायक वाटतो तो तीन आठवड्यांच्या आतला संसर्ग. त्यात पिल्ले मरत नाहीत, फारशी आजारीही दिसत नाहीत, पण बर्सा कायमचा रिकामा होतो. मग राणीखेतची लस दिली तरी प्रतिद्रव्ये बनवायची कोणी? शेतकऱ्याला वाटते लस वाया गेली. हा विषाणू रिकाम्या शेडमध्येही चार महिने तग धरल्याची नोंद आहे. त्यामुळे लिटर म्हणजे खालचे तूस पूर्ण काढून, धुऊन, निर्जंतुक करून मगच पुढची पिल्ले टाकावीत. गंबोरोची लस कोणत्या दिवशी द्यायची हे पिल्लाला आईकडून मिळालेल्या प्रतिद्रव्यांवर अवलंबून असते. शेजाऱ्याचे वेळापत्रक तसेच्या तसे उचलू नये.

बर्सा रिकामा करणारे आणखी एक कारण आमच्या, म्हणजे पिकांच्या बाजूचे आहे. पावसात भिजलेला मका नीट न वाळविता साठवला की त्यावर पिवळी-हिरवी बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते थोड्या प्रमाणात रोज पोटात गेले तरी बर्सा आणि थायमस आक्रसतात, लसीला प्रतिसाद घटतो. खरिपाचा मका १२ ते १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच साठवावा. कोंबडीखाद्यात जाणारा मका म्हणजे दुय्यम माल, ही समजूत महाग पडते.

डोळ्यात थेंब टाकून लस का देतात याचेही उत्तर काचपट्टीवर सापडते. डोळ्याच्या मागे हार्डर ग्रंथी असते. तिचा छेद मिथिल ग्रीन आणि पायरोनिन या जोडरंगाने रंगविला तर गुलाबी-लाल पेशींची गर्दी दिसते. या प्रतिद्रव्ये गाळणाऱ्या प्लाझ्मा पेशी. त्या मूळ बी पेशींपासूनच झालेल्या. डोळ्यात पडलेल्या लसीची पहिली दखल तिथेच घेतली जाते. म्हणून थेंब डोळ्यात शोषला जाईपर्यंत पिल्लू एक-दोन क्षण हातात धरावे. घाईने भिरकावू नये.

हाच जोडरंग मोठ्या कोंबड्यांतील गाठींच्या निदानातही कामाला येतो. यकृत-प्लीहेवर पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो मरेक्स की लिम्फॉइड ल्युकोसिस, असा प्रश्न पडतो. मरेक्समध्ये टी पेशींच्या गाठी होतात आणि त्यात लहान-मोठ्या सर्व आकारांच्या पेशी मिसळलेल्या असतात. ल्युकोसिस बर्सातून उगवतो. त्यात एकसारख्या मोठ्या पेशी असतात, पायरोनिनने गुलाबी होणाऱ्या. पहिल्याला लस आहे, दुसऱ्याला नाही, त्यामुळे फरक कळणे महत्त्वाचे.

नमुना घेताना आणि पाठविताना

प्रथम एक इशारा. एकाएकी मोठ्या प्रमाणात मरतूक झाली, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर पक्षी फाडू नयेत, नमुने घेऊ नयेत, पक्षी हलवू नयेत. ताबडतोब पशुधन विकास अधिकाऱ्यांना कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून याबाबत शासनाचे नियम कडक आहेत आणि ते आपल्याच जिवासाठी आहेत.

एरवी रक्त पंखाखालच्या शिरेतून पशुवैद्यकाकडून काढून घ्यावे. थेंब ताजा असतानाच काचपट्टीवर पसरावा. बाटलीतून न्यायचे असेल तर कोंबडीसाठी ईडीटीए चालते; हेपारिनमध्ये पांढऱ्या पेशींचे पुंजके होतात आणि काचपट्टीवर निळसर झाक येते. काचपट्टी स्वच्छ, तेलकटपणा नसलेली हवी. दुसऱ्या काचेने ३० ते ४५ अंशांत थेंब एका दमात ओढावा. ओढ अडखळली तर पक्ष्यांच्या नाजूक पेशी फुटतात आणि नुसते जांभळे डाग उरतात. हवेत हलवून लगेच वाळवावी, फुंकर मारू नये. वाळत ठेवलेल्या काचपट्टीवर माशा बसू देऊ नयेत, त्या रक्त चाटून साफ करतात. जाळीच्या डब्यात ठेवाव्यात. रंग लगेच लावायचा नसेल तर त्याच दिवशी शुद्ध मिथेनॉलमध्ये तीन ते पाच मिनिटे बुडवून पुन्हा वाळवाव्यात. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. शेडचे नाव व पक्ष्याचा क्रमांक काचेच्या घासलेल्या टोकावर शिसपेन्सिलीने लिहावा, कारण शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते.

बर्सा, प्लीहा यांचे तुकडे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नसावेत. एक भाग बाजारातील फॉर्मेलिन व नऊ भाग पाणी अशा द्रावणात, तुकड्याच्या दहापट द्रावण घेऊन ते टाकावेत. हातमोजे घालावेत, वाफ डोळ्यांत जाऊ देऊ नये. आजारी पण जिवंत पक्ष्याचा बर्सा उपयोगाचा. रात्री मरून सकाळपर्यंत पडलेल्याचा सडून जातो. सोबत एका कागदावर पक्ष्यांचे वय, जात, आतापर्यंत दिलेल्या लसी व त्यांच्या तारखा, रोजची मरतूक आणि खाद्य कधी बदलले ते लिहावे.

आणि रक्ताच्या काचपट्ट्या व फॉर्मेलिनची बाटली कधीही एका खोक्यात पाठवू नये. बूच कितीही घट्ट असले तरी फॉर्मेलिनची वाफ काचपट्टीपर्यंत पोहोचते, आणि मग तिच्यावर लीशमनचा रंग नीट बसत नाही. दोन वेगळे डबे करावेत, आणि शक्य झाल्यास दोन वेगळ्या पिशव्यांतून न्यावेत.